माळावरची रिकामी बस

बस आगारात त्याला सगळे रेडिओ म्हणत. सकाळी गाडीत चढला की आधी त्याचं तोंड सुरू व्हायचं आणि मग इंजिन. चालकाच्या खिडकीशेजारी थांब्यांची नावं सांगायला एक माईक होता. त्यावरून तो थांबे तर सांगायचाच, शिवाय कुठल्या चौकात नवा खड्डा पडलाय, कोणाच्या दुकानात चांगल्या छत्र्या आल्यात, आणि मागच्या बाकावरच्या गृहस्थांनी कृपया पाय आत घ्यावेत, हेही सांगायचा. बाजारपेठेच्या मार्गावर काही आजीबाई त्याचीच गाडी यायची वाट पाहत थांबत. दुसरी रिकामी गाडी समोर येऊन उभी राहिली तरी हलत नसत.

शहर मात्र तेव्हा गप्प गप्प होत चाललं होतं. सिमेंटचा कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली होती. पोरं शिकत आणि शिकली की निघून जात. बसस्थानकात सगळ्यात जास्त गर्दी लांबच्या गाड्यांच्या फलाटावर असायची, आणि तिथे जाणाऱ्यांपेक्षा निरोप द्यायला आलेले जास्त दिसायचे. रेडिओचा थोरला असाच परदेशी गेला होता आणि सणासुदीलाही त्याचा फक्त फोन यायचा. धाकटी मुलगी विजेच्या मोटारी बांधायचं, दुरुस्त करायचं शिक्षण घेत होती. तीही जाणार हे घरात कोणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. रेडिओची बायको घरी शिवणकाम करायची. ती मशीनवरची मान वर न करता म्हणायची की या शहरात आता दोनच गोष्टी वाढतायत, म्हातारी माणसं आणि दाराला लागलेली कुलपं.

अशा दिवसांत बाई निवडून आल्या.

बाई म्हणजे महापौर. पण त्याआधी कितीतरी वर्षं त्या शाळेत भूगोल शिकवत होत्या, अर्ध्या शहराचे कान त्यांनी पिळलेले होते, त्यामुळे निवडून आल्यावरही त्यांना कोणी महापौर म्हणेना. उंचीने बेताच्याच, आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा, आणि चाल अशी की बरोबरच्या अधिकाऱ्यांना धाप लागायची.

त्याच सुमाराला देशातही नवे पंतप्रधान आले होते. त्यांनी आल्या आल्या एक गोष्ट जाहीर केली. शेतातल्या पंपापासून दवाखान्यातल्या लिफ्टपर्यंत जिथे तिथे विजेची मोटार लागते, आणि आपला देश ती सगळी बाहेरून विकत आणतो, हे थांबवायचं. बाहेरची एक मोठी कंपनी इथे कारखाना काढायला तयार होती. पंतप्रधानांनी तिला अट घातली होती की काही वर्षांत मोटारीचा शेवटचा स्क्रूसुद्धा इथेच बनला पाहिजे. आणि कारखाना कुठे होणार, हे मात्र ते स्वतः ठरवणार नव्हते. जे शहर आधी तयार होईल, त्याचा कारखाना.

झालं, सगळ्या शहरांचे पुढारी पुष्पगुच्छ घेऊन राजधानीत जाऊन बसले. बंदराच्या मोठ्या शहराचं पारडं जड आहे असं सगळे म्हणत होते, कारण तिथल्या लोकांची मंत्र्यांच्या घरापर्यंत ऊठबस होती. बाई राजधानीत गेल्याच नाहीत. पाणीखात्याचे आणि रस्तेखात्याचे साहेब बरोबर घेऊन त्या शहराबाहेरच्या टेकडीपलीकडे, माळावर गेल्या.

हा माळ म्हणजे दगड, खुरटी झुडपं आणि सतत घोंघावणारा वारा. तिथे बाईंनी आधी रस्ता नेला. मग पाण्याची जाड नळवाहिनी नेली, विजेचे खांब नेले. लोक म्हणाले, ठीक आहे, एवढं तर करावंच लागतं. पण एका सकाळी बाईंनी हुकूम काढला की बसस्थानक ते माळ अशी शहर बससेवा सुरू करायची, दिवसभर, दर अर्ध्या तासाने. तेव्हा मात्र सगळं शहर पोट धरून हसलं. माळावर ना घर ना दार. बस कोणासाठी, सरड्यांसाठी?

ही बस चालवायला कोणाला पाठवायचं हा आगारप्रमुखांपुढचा प्रश्न रेडिओनेच सोडवला. आगारप्रमुख केसांचा टोप घालत. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी कधी बोलत नव्हतं. एके दिवशी जोराचा वारा सुटला असताना रेडिओ माईकवरून म्हणाला की ज्यांनी ज्यांनी केस उसने आणलेत त्यांनी खिडक्या लावून घ्याव्यात. सगळी बस खदखदून हसली. फक्त एक माणूस हसला नाही, आणि तो तिसऱ्या बाकावर खिडकीपाशी बसलेला होता.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर रेडिओच्या नावापुढे लिहिलं होतं, 'माळ'.

बडबड्या माणसाला यापेक्षा मोठी शिक्षा नव्हती. गाडी बसस्थानकावरून रिकामी निघायची, टेकडी चढायची, माळावर एका पत्र्याच्या निवाऱ्यापाशी थांबायची आणि रिकामीच परत यायची. बरोबर एक कंडक्टर होती, तरुण, शांत, कसल्यातरी परीक्षेचा अभ्यास करणारी. ती पुस्तकात डोकं घालून बसायची. रेडिओ दहा वाक्यं बोलला की ती एकदा 'हं' म्हणायची. पहिल्या आठवड्यात त्याला वाटलं आता आपण आजारी पडणार. शेवटी त्याने माईक उचलला आणि रिकाम्या बाकांना सांगायला सुरुवात केली, "पुढचा थांबा, मोठा दगड. उतरणाऱ्यांनी घाई करू नये, गाडी तुमचीच आहे."

शहरात त्या बसला भुतांची गाडी म्हणू लागले. पानवाला विचारायचा की आज भुतांची गर्दी कशी काय होती. घरी बायको विचारायची की भुतं सुट्टे पैसे देतात की नाही. सगळ्यात जास्त छळायचा तो त्याचा मेहुणा, बायकोचा भाऊ. त्याचं लोखंडी सामानाचं दुकान होतं आणि तो बाईंच्या विरोधातला नगरसेवक होता. घरी आला की दारातूनच विचारायचा, "काय दाजी, आज किती सरडे बसवले?"

एकदा गाडी बसस्थानकातून निघणार तेवढ्यात बाई स्वतः धावत आल्या आणि चढल्या. एकट्याच. रीतसर तिकीट काढलं आणि अगदी पुढच्या बाकावर येऊन बसल्या. रेडिओने माईक खाली ठेवला. टेकडी चढेपर्यंत तो चक्क गप्प होता. मग बाईच म्हणाल्या,

"तू माझ्या वर्गात होतास ना? खिडकीशेजारी. वाऱ्याच्या दिशा विचारल्या की बाहेर बघून सांगायचास."

"हो बाई. आणि तुम्ही दोन मार्क द्यायचात, बाहेर बघितल्याबद्दल."

बाई हसल्या. तेवढ्याने रेडिओची भीड चेपली आणि महिनोन् महिने पोटात साठलेला प्रश्न त्याने विचारून टाकला. या रिकाम्या गाडीचं करायचं काय? लोक हसतात. त्याला हसतात ते चालेल, पण बाईंनाही हसतात.

बाई समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "उद्या कारखानेवाले येतील. विचारतील, कामगार इथवर येणार कसे? इतर शहरं सांगतील, साहेब, तुम्ही कारखाना काढा, आम्ही बस सुरू करू. मला असं काही सांगायचं नाहीये. मला म्हणायचंय, ती बघा, येतेय."

एवढंच बोलून त्या माळावर उतरल्या, वाऱ्यात पदर सावरत नळवाहिनीच्या कामाकडे निघून गेल्या. रेडिओ स्टिअरिंगवर हात ठेवून बराच वेळ बसून राहिला. कंडक्टरने पुस्तकातून डोकं वर काढून विचारलं, "दादा, बरं वाटत नाहीये का?" त्याला फार बरं वाटत होतं. आजवर त्याला वाटत होतं की आपल्याला अडगळीत टाकलंय. आता वाटलं की सगळ्या शहराच्या पुढे एक माणूस चालतोय आणि तो माणूस आपण आहोत.

त्या दिवसापासून तो पेटला. गाडी रोज धुऊ लागला. काचा कागदाने पुसायचा. उशीर म्हणून करायचा नाही. पानवाल्यापाशी, केस कापणाऱ्याकडे, दवाखान्याच्या रांगेत, जिथे तिथे माळाची बाजू मांडायचा. घरी मेहुण्याशी त्याची इतकी जुंपायची की बायकोने एकदा मशीन थांबवून दोघांनाही सांगितलं, राजकारण करायचं तर अंगणात करा, इथे माझा दोरा तुटतो.

मेहुणाही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्याने महापालिकेच्या सभेत ठराव आणला की माळाची बस बंद करावी आणि वाचलेलं डिझेल शहरातल्या मार्गांना द्यावं. त्या सभेला रेडिओ सुट्टी टाकून गेला आणि वरच्या गॅलरीत कठड्याला रेलून उभा राहिला. मेहुणा छान बोलला, हे त्यालाही कबूल करावं लागलं. जुन्या वस्तीत म्हातारी माणसं थांब्यावर ताटकळत उभी असतात आणि तिकडे वाऱ्याला फुकट फिरवून आणतात, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. खाली बऱ्याच माना डोलल्या.

बाई उठल्या. म्हणाल्या की सन्माननीय सभासदांचं बरोबर आहे, जुन्या वस्तीला डिझेल मिळालंच पाहिजे. मग त्यांनी पर्समधून गाडीची किल्ली काढून टेबलावर ठेवली. ही महापौरांची मोटार. उद्यापासून हिचं डिझेल, हिचा चालक आणि हिच्या मागची-पुढची गाडी, सगळं जुन्या वस्तीच्या मार्गाला. मी बसने फिरेन. माळाची बस मात्र चालू राहील.

मग रेडिओने वरून टाळ्या वाजवल्या. गॅलरीत टाळ्या वाजवायला बंदी होती. शिपायाने त्याला दंडाला धरून बाहेर काढलं, त्यामुळे ठराव पडला हे त्याला जिन्यावर उभं राहून ऐकावं लागलं. तो जिन्यावरच नाचला.

त्याच्या घरात मात्र दुसरं चक्र फिरत होतं. धाकटीचं शिक्षण संपलं आणि तिला दूरच्या एका देशात काम मिळालं. तिकीटही आलं. ती घरभर आनंदाने फिरत होती आणि आईबाप दिसले की आनंद आवरून घेत होती. रेडिओ तिच्यासाठी बॅग आणायला गेला आणि दुकानदाराशी नेहमीसारख्या गप्पाही न मारता परत आला. बायको काय समजायचं ते समजली.

मुलगी जायच्या आदल्या आठवड्यात, एका ढगाळ दुपारी, बसस्थानकावर माळाच्या गाडीत चार माणसं चढली. एक उंच परदेशी गृहस्थ, त्यांचं बोलणं आपल्या भाषेत सांगणारी एक मुलगी, आणि खांद्याला साध्या पिशव्या अडकवलेले दोघे जण. रेडिओने मागे वळून विचारलं, "कुठे सोडू?"

"शेवटपर्यंत," ती मुलगी म्हणाली.

शेवटपर्यंत! रेडिओच्या कानांवर त्याचाच विश्वास बसेना. वाट चुकलेले प्रवासी असतील, डोंगरदऱ्या बघत हिंडणारे असतील, त्याला काय करायचं होतं? चार जोडी कान मिळाले होते. त्याने माईक बाजूलाच ठेवला आणि उघड्या आवाजात सुरुवात केली. हा रस्ता कधी झाला, ते खांब कधी उभे राहिले, ही नळवाहिनी कुठून आली. ती मुलगी भराभर सगळं त्या उंच गृहस्थांना सांगत होती आणि ते मधूनच काही विचारत होते. पावसात रस्ता टिकतो का? रेडिओने सांगून टाकलं की मागच्या पावसाळ्यात टेकडीची दरड कोसळली, दोन दिवस गाडी बंद होती. मग बाईंनी स्वतः उभं राहून ही दगडी भिंत बांधून घेतली, बघा, डाव्या हाताला. रात्री बस असते का? नाही, रात्री कशाला, दिवा लावायलाही कोणी नाही तिथे. लोकांना हे सगळं पटतं का? छे, अर्धं शहर हसतं. माझा सख्खा मेहुणा ही गाडी बंद करायला निघाला होता. मग त्याने सभेची सगळी गोष्ट रंगवून सांगितली, किल्लीसकट.

"आणि इथे कामाला माणसं मिळतील?" मुलीने विचारलं.

"मिळतील की. माझीच पोरगी आहे. मोटार उघडून पुन्हा जोडते, आवाजावरून बिघाड सांगते." त्याने नजर रस्त्यावर वळवली. "पण ती पुढच्या आठवड्यात चालली, बाहेरच्या देशात."

"तुम्ही तिला थांबवत नाही?"

टेकडीचं वळण आलं होतं. रेडिओने गिअर बदलला. "थांब म्हणायला हातात काहीतरी लागतं ना, ताई," तो म्हणाला.

माळावर ते चौघे उतरले आणि वाऱ्यात लांबवर हिंडून आले. उंच गृहस्थांनी रस्त्याकडेचा एक नळ फिरवला. पाणी असं काही उसळलं की त्यांचे बूट भिजले. ते मोठ्याने हसले. परत निघायच्या वेळी मात्र घोटाळा झाला. रेडिओने किल्ली फिरवली आणि इंजिन खोकून गप्प झालं. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. रोज आंघोळ घातलेली गाडी नेमकी पाहुण्यांसमोर रुसून बसली होती. रेडिओला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने सांगितलं की काळजी करू नका, अर्ध्या तासात मागची गाडी येईलच. उंच गृहस्थ घड्याळाकडे बघत निवाऱ्याखाली उभे राहिले. तेवढ्यात पाऊस सुरू झाला आणि निवाऱ्याचं छप्पर बरोबर त्यांच्या डोक्यावर गळत होतं, हे रेडिओच्या लक्षात आलं. त्याने त्यांना हाताला धरून कोरड्या कोपऱ्यात उभं केलं.

सगळे टेकडीकडे बघत राहिले. रेडिओ तर पावसात रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा होता. आणि मग खिंडीत दोन पिवळे दिवे दिसले. पावसातून हळूहळू खाली येणारी ती रिकामी बस बघून तो असा ओरडला, जणू आयुष्यात पहिल्यांदाच बस बघत होता. "ती बघा," तो म्हणाला, "येतेय."

दुसऱ्या दिवशी सकाळी पानवाल्याच्या दुकानात टीव्हीवर बातमी लागली होती. कारखान्याची जागा ठरवणाऱ्या समितीचं महापालिकेत स्वागत. पडद्यावर तो उंच गृहस्थ बाईंशी हात मिळवत होता. खाली लिहिलेलं होतं, कंपनीचे प्रमुख. पिशव्या अडकवलेल्या दोघांपैकी एक जण पंतप्रधानांचे सचिव निघाले.

रेडिओला कालचं सगळं आठवलं. दरड, गळकं छप्पर, बंद पडलेली गाडी, मेहुणा, पोरगी. काही म्हणजे काही झाकून ठेवलं नव्हतं त्याने. तो धावत आगारात गेला आणि त्याने कंडक्टरला गाठलं. ती शांतपणे म्हणाली, "मला वाटलंच होतं कालच. त्यांचे फोटो पेपरात आले होते."

"अगं मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही खोटं बोलला असतात, दादा. आणि तुम्हाला ते जमत नाही."

त्या संध्याकाळी बाई बसमध्ये चढल्या तेव्हा रेडिओने मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. बाईंनी दोनच प्रश्न विचारले. दरडीचं सांगितलंस तेव्हा भिंतही दाखवलीस का? हो बाई. मागची गाडी वेळेवर आली का? हो बाई. मग त्या खिडकीबाहेर बघत बसल्या आणि बसस्थानक येईपर्यंत गालातल्या गालात हसत होत्या.

धाकटी ठरल्या दिवशी गेली. लांबच्या गाड्यांच्या फलाटावर रेडिओ खूप बोलला, विनोद केले, खिडकीबरोबर पळाला. गाडी वळल्यावर बायकोने त्याचा हात धरला आणि दोघं घरी आले.

निकाल लागायला पुढे बरेच आठवडे गेले. राजधानीतून कोणी ताकास तूर लागू देत नव्हतं. बंदराचं शहर फटाके घेऊन तयार आहे असं ऐकू येत होतं. मग एका सकाळी पंतप्रधान देशाशी बोलणार असं जाहीर झालं. बसस्थानकातल्या टीव्हीखाली ही गर्दी जमली. चालक गाड्या उभ्या करून आले, हमाल सामान टाकून आले, आगारप्रमुखही टोप सरळ करत येऊन उभे राहिले. पंतप्रधान आधी देशाबद्दल बोलले, परदेशात जाणाऱ्या पैशाबद्दल बोलले, इथेच घडणाऱ्या वस्तूंबद्दल बोलले. लोकांना धीर धरवेना. शेवटी ते म्हणाले की कागदावर तयार असलेली शहरं पुष्कळ होती, आणि मग त्यांनी या शहराचं नाव घेतलं.

पुढचं कोणाला ऐकूच आलं नाही. एका चालकाने धावत जाऊन भोंगा दाबला, मग दुसऱ्याने, मग उभ्या असलेल्या सगळ्या गाड्या एकदम ओरडू लागल्या. अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. आगारप्रमुखांनी रेडिओला उचललं, आणि त्या गडबडीत टोप खाली पडला, तर तो त्यांनी खिशात कोंबला आणि तसेच नाचले. कंडक्टरने पुस्तक हवेत उडवलं. रेडिओ धावत घरी गेला. बायको दारातच उभी होती, गळ्यात मोजपट्टी तशीच. ती रडत होती आणि हसत होती आणि म्हणत होती की पोरीला फोन लावा, आधी पोरीला फोन लावा. संध्याकाळी मेहुणा आला. दारात उभा राहून त्याने खूप वेळ चपला काढल्या. मग म्हणाला, "दाजी, सरडे आता कुठे जाणार?" आणि त्याने रेडिओला मिठी मारली.

कारखाना उभा राहिला तसं शहर जागं झालं. पण सगळंच गोड झालं नाही. बाहेरून माणसं आली तशी भाडी चढली, जुन्या वस्तीत पाणी कमी दाबाने येऊ लागलं, आणि त्याचा सगळा राग पुढच्या निवडणुकीत बाईंवर निघाला. बाई थोडक्या मतांनी पडल्या. महापौर झाला तो मेहुणा. रेडिओ आठवडाभर त्याच्याशी बोलला नाही. मग मेहुण्याने पहिला हुकूम काढला. जुन्या वस्तीला पाण्याची वेगळी टाकी, आणि माळावर रात्रपाळीलाही बस. रेडिओने त्याला विचारलं की तूच ना रे ही बंद करायला निघालेला? मेहुणा म्हणाला, "दाजी, ती रिकामी होती तेव्हा बंद करणं सोपं होतं. आता कोणाच्या बापाची हिंमत आहे?"

बाई आपल्या घरी असत, शिकवण्या घेत. एकदा त्या पाळी सुटायच्या वेळी माळाच्या गाडीत चढल्या. गाडी खच्चून भरली होती. दोन पोरं जागा द्यायला ताडकन उठली. बाईंनी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं आणि दांडी धरून उभ्या राहिल्या. "बसा रे, बसा," त्या म्हणाल्या. "मला आज उभं राहायचंय." रेडिओने आरशातून पाहिलं. गर्दीत चेंगरल्या जात होत्या आणि चेहरा असा, जणू वर्गातली सगळी पोरं एकदम पास झालीत.

दोन वर्षांनी कंपनीने मोटारीचं काम येणारी माणसं मागवली आणि धाकटीने तिकडूनच अर्ज केला. आईबापाला तिने सांगितलं नाही. परत आली ती थेट बॅग घेऊन बापाच्या बसमध्ये चढली आणि म्हणाली, "बाबा, शेवटपर्यंतचं एक." रेडिओ सीटवरून असा उठला की गाडीचा भोंगा वाजला.

आता ती तिथे तपासणी विभागात आहे. बायकोने माळाच्या थांब्याजवळ गाळा घेऊन कामगारांचे गणवेश शिवायला सुरुवात केली आहे, तिथे चार मशिनं चालतात. कंडक्टर परीक्षा पास होऊन महापालिकेत साहेब झाली आहे. रेडिओ अजून तीच गाडी चालवतो.

परवा सकाळची गोष्ट. गाडी पाळीच्या लोकांनी गच्च भरलेली, आणि महामार्गाच्या चौकात वाहतूक पोलिसाने हात दाखवून थांबवली. समोरून ट्रक जाऊ लागले, एकामागून एक, ताडपत्र्या घट्ट बांधलेले. मुलीने पुढे येऊन बापाच्या कानात काहीतरी सांगितलं. रेडिओने माईक उचलला.

"प्रवाशांना विनंती," तो म्हणाला, "डावीकडे बघावं. आपल्या मोटारी बंदराला चालल्यात. तिथून जहाजाने बाहेरच्या देशात. पहिल्यांदाच."

सगळी बस डाव्या खिडक्यांकडे लोटली. कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी ट्रकवाल्यांना हात केले, एका पोराने शिट्टी मारली. ट्रकवालेही भोंगे वाजवत गेले. शेवटचा ट्रक जाईपर्यंत कोणी जागेवर बसलं नाही. मग पोलिसाने हात खाली केला. पाळीला उशीर होत होता, म्हणून रेडिओने गिअर टाकला आणि गाडी टेकडीच्या रस्त्याला लागली.